परिणामाचा रकाना

समोर बसलेल्या माणसाशी पहिला तासभर एक अक्षरही बोलायचं नाही, असं ज्याचं ठाम मत आहे असा सल्लागार अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मावससासरा निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. नातं तसं लांबचं, पण केजमध्ये त्यांच्या आणि आमच्या घरात दोनच गल्ल्यांचं अंतर, त्यामुळे जावई म्हणून माझा मान आणि जावई म्हणून माझी चेष्टा या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून मला भरपूर मिळाल्या. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि त्यापुढे शक्यतो काहीच म्हणत नाहीत. मी विम्याचा एजंट. समोरच्याला श्वास घ्यायला न देता बोलत राहणं हाच माझा धंदा, आणि घरी आल्यावरही मी तो बंद करत नाही अशी बायकोची तक्रार आहे. अशा माणसाला असा मामा मिळावा हा योगच म्हणायचा. याच मामांनी, एका कागदावरचा एक रकाना रिकामा राहिला म्हणून, पुण्याच्या मुलानं दर दिवाळीला बोलावूनही चार वर्षं केज सोडलं नाही.

मामांचं घराणं मूळचं तलवाड्याकडचं, मेंढरं राखणारं. घरात माणसं दहा आणि मेंढरं दोनशे, तेव्हा बहुमत कुणाचं हे त्यांना लहानपणीच कळलं होतं. पुढे ते गुरांच्या दवाखान्यात लागले. त्यांच्या पदाचं सरकारी नाव ‘व्रणोपचारक’. हा शब्द नेमणुकीच्या कागदावर एकदा आणि निवृत्तीच्या कागदावर एकदा असा दोनदाच वापरला गेला. मधली सगळी वर्षं तालुका त्यांना ‘डरेसर’ म्हणत होता. डॉक्टर बदलून जायचे, मामा जागेवर. म्हशीच्या नुसत्या कानाकडे बघून ताप तिला आहे की तिच्या मालकाला आहे, हे ते सांगत, आणि पुष्कळदा मालकालाच असे. जनावरांच्या सहवासात त्यांची बोलण्याची सवय हळूहळू सुटत गेली. मावशी सांगतात की लग्नानंतर पहिल्या वर्षी ते त्यांच्याशी एकूण नऊ वाक्यं बोलले, त्यांतली दोन तर शेजारच्या गाईबद्दल होती.

निवृत्त झाल्यावर हे आता घरात बसून काय करणार, अशी मावशींना काळजी होती. ती एका पुढाऱ्यानं दूर केली. त्यानं आपल्या वाढदिवसाचं निमित्त करून मामांच्या घरासमोर एक खोली बांधली आणि तिच्यावर खोलीपेक्षा मोठी पाटी लावली: ‘युवक-युवती सल्ला व आधार केंद्र’. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. आत एक टेबल, एक बाकडं आणि भिंतीवर उगवत्या सूर्याकडे हात करून उभ्या असलेल्या चार तरुणांचं चित्र. त्यांतल्या एकाचा हात चुकून पंख्याकडे गेला होता. बीडहून एक शिकलेल्या मॅडम दर आठवडी बाजाराच्या दिवशी येतील असं ठरलं. त्या तीनदा आल्या. चौथ्या खेपेच्या आत त्यांना दुसरीकडे पक्की नोकरी लागली आणि जाताना त्यांनी किल्ली समोरच्या घरात दिली. मामांना त्या एवढंच म्हणाल्या की कुणी आलं तर बसवून घ्या. मामांनी हा हुकूम समजून पाळला. जो येईल त्याला ते बसवून घेऊ लागले.

बसवून घेतलं की कागद करायला हवा, ही सरकारी नोकरीची सवय. दवाखाना संगणकावर गेला तेव्हा जुन्या केसपेपरचे गठ्ठे रद्दीत निघाले होते. कोरा कागद वाया गेलेला मामांना बघवत नाही, म्हणून त्यांनी ते सगळे घरी आणून ठेवले होते. तेच आता कामी आले. त्यावरचे छापील रकाने खोडायचे किंवा बदलायचे त्यांच्या मनातही आलं नाही. ‘जनावराचा प्रकार: पोरगी, बारावी सायन्स. रंग: गव्हाळ. शिंगे: नुकतीच फुटली. वय (दातांवरून): अक्कलदाढ बाकी. मालकाचे नाव: वडील, पण चालते आईचे. चारा: कमी. रवंथ: दिवसरात्र.’ शेवटचा रकाना परिणामाचा. तिथे ‘बरे, विकले, मेले’ असे तीन शब्द छापलेले, त्यांतले लागू नसतील ते दोन खोडायचे. एका पोराला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मामांनी ‘बरे’ आणि ‘मेले’ खोडून ‘विकले’ ठेवलं. पोराचा बाप भांडायला आला. मामा शांतपणे म्हणाले, “सकाळी साताला गाडीत घालून नेत्यात, रातच्याला आणून सोडत्यात. मंग काय लिवू? तुमी सांगा.” बाप टेबलावरचे शेंगदाणे खाऊन परत गेला.

हे शेंगदाणे म्हणजेही उपचारच. दवाखान्यात जनावरांना चाटायला क्षाराची वीट ठेवत, तिच्या जागी मामांनी टेबलाच्या कडेला गूळ-शेंगदाण्यांची वाटी ठेवली. घ्या म्हणायचं नाही. वाटीकडे बघायचंसुद्धा नाही. पोरगं आलं की मामा समोरून जात नसत, कारण समोरून गेलं की जनावर बिचकतं. पाठीमागून जात नसत, कारण लाथ बसते. ते बाजूनं जाऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसत आणि दाराबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहत. मध्ये कोपऱ्यातल्या माठातून भरलेला पाण्याचा तांब्या. पोरानं तांब्याला हात लावला की मामांचा जीव भांड्यात पडायचा. “पानी पेलं की निम्मं काम झालं,” असं ते म्हणत. मग ते स्वतः उठून लिंबापर्यंत चालत जात, पोरगं काहीही न कळता त्यांच्यामागे जाई, आणि येताना मामा मागे राहून त्याची चाल बघत. मी एकदा न राहवून म्हणालो, “मामा, अहो निदान नाव तरी विचारा, काय होतंय ते विचारा.” मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “जावईबापू, म्हैस कदी सांगती का, मला कसंतरी होतंय म्हनून? मंग पोरालाच कशाला इचारायचं? इचारलं की ते खोटं बोलतंय. त्याला बी माहीत नसतंय.”

तासाभरानं पोरगं आपोआप बोलू लागे. काय बोले ते मामांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. पालकांना मात्र ते उपचार लिहून देत. एका बापाला त्यांनी ‘दावे चार हात वाढवा’ एवढंच लिहून दिलं, तर तो भला माणूस बाजारातून खरंच दोर घेऊन आला आणि पोरीला कुठून कुठे बांधायचं म्हणून विचारू लागला. मामांनी तो दोर ठेवून घेतला आणि त्याला सांगितलं की दोर माझ्याकडं राहू द्या, म्हंजी वाढलाच. एका बागायतदाराचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढेना, त्याला त्यांनी ‘पंधरा दिवस कळपात सोडावे’ असं लिहिलं. बागायतदाराकडे ट्रॅक्टर दोन, जीप तीन, पण कळप नव्हता. शेवटी तलवाड्याकडे मामांच्या पुतण्याची मेंढरं होती, त्यांत मुलाला सोडलं. पंधरा दिवसांनी मुलगा आला तो कोकरू काखेत घेऊन, आणि त्या कोकराला घरात घेतलं तरच मी घरात येईन असं बापाला सांगू लागला. त्या घरात तीन वर्षांत बापलेकांचं झालेलं हे पहिलंच संभाषण. आज ते कोकरू चांगलं दांडगं झालंय आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतं.

मात्र मामांना आपली मर्यादाही ठाऊक होती. एखाद्या पोराचे डोळे बघून ते म्हणत, “हे आपल्या हातचं न्हाई.” मग वाट बघणं नाही, शेंगदाणे नाहीत, ते स्वतः त्याला वडापच्या जीपमध्ये घालून बीडला मोठ्या दवाखान्यात नेत, डॉक्टरांच्या खोलीपर्यंत बरोबर जात आणि बाहेर बाकावर बसून राहत. औषध सुरू झालं की आठवड्याला त्याच्या घरावरून एक चक्कर मारत. घरात जात नसत. पोरगं दिसलं की परत.

पण एकीचे डोळे त्यांना वाचता आले नाहीत. तो एकाहत्तर नंबरचा कागद. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, भर दुपारी, कॉलेजच्या ड्रेसमधली एक मुलगी एसटीतून उतरून पाटी वाचत वाचत आत आली. मामा बाजूनं जाऊन बसले. ती दीड तास बसली. दोन तांबे पाणी प्याली आणि म्हणाली, “माठातलं पाणी लई गार हाय.” बस्स. मामा लिंबाकडे निघायच्या आत ती उठली आणि स्टँडच्या दिशेनं गेली. नाव नाही, गाव नाही. मामांनी कागदावर लिहिलं: ‘रंग: सावळा. खूण: डाव्या चपलेला सेफ्टी पिन. पाणी: दोन तांबे. चाल: बघता आली नाही.’ तक्रारीचा रकाना कोरा, परिणामाचा रकाना कोरा. छापील तीन शब्द तसेच. त्यांतलं कोणतं खोडायचं हे मामांना माहीत नव्हतं, आणि कोणतं उरेल या विचारानं त्यांना भीती वाटत होती. ते असं कधी म्हणाले नाहीत, पण मला माहीत आहे. कारण त्या दिवसापासून ते पेपर आला की चहाच्या आधी उभ्यानं आतलं जिल्ह्याचं पान वाचायचे. सगळं वाचून झालं की मगच बसायचे, आणि मग मावशी चहा आणायच्या. आणि माठ. पावसाळा असो, थंडी असो, रोज सकाळी माठातलं पाणी बदललेलं असायचं. डिसेंबरात गारठलेली पोरं ते पाणी पिऊन कुडकुडायची, पण मामा माठ हलवू देत नसत. मुलगा पुण्याहून फोन करायचा तेव्हा ते म्हणत, “एक कागद उघडा हाय रे. मिटला की येतो.”

ती मुलगी येऊन गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हा आमच्या घरातही एक रवंथ सुरू झालं. आमचे चिरंजीव सुमित बारावीनंतरच्या परीक्षेसाठी बीडला कोचिंग क्लासला होते, ते दीड महिन्यात सामानासह परत आले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून अकरा दिवस बोललो. आयुष्याचं महत्त्व, माझं बालपण, शेजारच्यांचा मुलगा, विम्याची एक चांगली योजना, सगळं झालं. आतून उत्तर नाही. बाराव्या दिवशी त्याला मामांकडे नेलं. जाताना रस्त्यात मी बोलत होतो, बाकड्यावर बसतानाही बोलत होतो. मामांनी मला खुणेनं बाहेर लिंबाखाली उभं केलं. तासाभरानं ते एकटेच बाहेर आले.

“काय निघालं मामा?”

“पोराला काई न्हाई. पानी पेला, शेंगदाने खाल्ले. चाल सरळ हाय.”

“मग?”

“तुमी येत जा. बाजाराच्या दिवशी.”

मला आधी राग आला आणि नंतर उलगडा झाला. मामांचं वय झालं, केंद्रात कुणीतरी बोलणारा माणूस पाहिजे, म्हणून त्यांनी मला मदतीला घेतलं आहे, असा मी अर्थ लावला. घरी येऊन मी बायकोला ही बढती सांगितली. तेव्हापासून वर्षभर एक बाजार चुकवला नाही. मदतनीस म्हणून मी बाकड्याच्या मधोमध बसायचो. तोंड उघडलं की मामा वाटी माझ्याकडे सरकवायचे आणि माझ्या तोंडात शेंगदाणे असेपर्यंत पोरं बोलून घ्यायची. सुमित पुढे गावातल्याच कॉलेजात जाऊ लागला. घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलो’ एवढं बोलू लागला. मी त्याचंही श्रेय माझ्या अकरा दिवसांना देत होतो.

मध्यंतरी कुणीतरी तक्रार केली आणि केंद्र बघायला बीडहून एक तरुण साहेब आला. त्यानं फाइल उघडली, ‘शिंगे: एकच, पण मोठे’ हे वाचलं आणि त्याला ठसका लागला. मामांनी माठातलं पाणी दिलं. साहेबानं विचारलं, “आजोबा, तुमची पात्रता काय?” मामा म्हणाले, “इतक्या वर्सांत एकबी जनावर माज्याशी खोटं बोललं न्हाई.” यावर काय लिहायचं ते साहेबाला कळेना. तो बाकड्यावर बसला आणि मामा बाजूनं जाऊन बसले. मी बाहेर गेलो. दोन तासांनी साहेब लिंबापर्यंत चालत जाऊन आला, त्याचे डोळे लाल होते, आणि जाताना त्यानं मामांच्या पाया पडून अहवालात ‘पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम’ असं लिहिलं. त्याचाही कागद झाला. नंबर एकशे अकरा.

साहेबानं सोडलं तरी निवडणुकीनं सोडलं नाही. ती जवळ आली आणि पुढाऱ्याला आठवलं की आपण कुठेतरी एक खोली बांधली होती. महिनाअखेर खोली प्रचारासाठी पाहिजे असा निरोप आला. पुण्याच्या मुलानं ही संधी साधून शेवटच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो असं कळवलं. त्या महिन्यात मामा बाकड्यावर कमी आणि दारात जास्त दिसायचे. स्टँडकडून येणारी प्रत्येक पोरगी त्यांनी चपलेपासून वर बघितली. तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, “ती नाही आली तर?” ते म्हणाले, “नाव तरी इचारायला पायजे होतं का हो, जावईबापू?” मला काय बोलावं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सुचलं नाही आणि फार वाईट वाटलं.

शेवटच्या बाजाराच्या दिवशी दुपारी सगळी पोरं येऊन गेल्यावर एक बाई आत आली. वीस-बावीसची, सावळी, साडी नेसलेली, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. ती काही न बोलता बाकड्यावर बसली. मामा बाजूनं जाऊन दुसऱ्या टोकाला बसले. तिनं स्वतः उठून माठातून तांब्या भरला, प्याली आणि म्हणाली, “पाणी गार हाय, आबा.” मी तोंड उघडलं, मामांनी वाटी माझ्याकडे ढकलली. अर्धा तास गेला. मग मामा उठून लिंबाकडे चालू लागले, आणि बाई मागोमाग गेली. येताना मामा मागे राहिले. ती पिशवी या हातातून त्या हातात घेत ताठ चालत आली, माझ्याकडे बघून हसली आणि बाजाराच्या गर्दीत गेली.

“मामा, अहो विचारा! पळा! तीच का ते विचारा तरी!”

“न्हाई इचारत.”

“पण चपलेला पिन नव्हती. मी बघितलं.”

“चार वर्सं चप्पल टिकती व्हय?”

“माठातलं पाणी गार आहे असं कुणीही म्हणेल मामा!”

मामांनी एकाहत्तर नंबरचा कागद काढला. ‘चाल’ या शब्दापुढे पूर्वी लिहिलेलं खोडून ‘बरी’ असं लिहिलं. मग परिणामाच्या रकान्यातला ‘मेले’ हा शब्द त्यांनी सावकाश, पट्टी लावून खोडला. उरलेल्या दोन शब्दांतला कुठला खोडायचा यावर थोडा विचार केला आणि दोन्ही तसेच ठेवले. “साडीबिडी नेसलीया, बाजार करतीया,” ते म्हणाले, “थोडी बरी, थोडी इकलेली. समदेच तसे असत्यात.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती तीच होती की नाही हे मला आजही माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं. पण दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा ते खाली बसून, चहा पिऊन झाल्यावर तो वाचत होते.

गाडीत बसताना त्यांनी फाइल आणि माठ माझ्या हवाली केले. संध्याकाळी घरी मी सहज शेवटचे कागद चाळले, आणि एकशे पाचवर माझीच ओळख पटली. ‘जनावराचा प्रकार: जावई. रंग: बोलताना लाल. तक्रार: पोरगं बोलत न्हाई म्हणतो. तपासणी: पोराला बोलायला जागाच ठेवत न्हाई. उपचार: शेंगदाणे.’ खाली वर्षभराच्या बाजारांची यादी होती. प्रत्येकापुढे मी किती वेळ गप्प राहिलो ते मिनिटांत लिहिलेलं. पहिल्या दिवशी दोन. मध्ये सात, नऊ, एकदा लाइट गेली तेव्हा पंधरा. शेवटच्या बाजाराला, त्या बाईच्या वेळेस, तीस. त्याखाली रेघ मारून परिणामाचा रकाना. तीनही शब्द तसेच, काहीही न खोडलेले.

बढती वाटली होती ती हीच. मामा आता पुण्यात सहाव्या मजल्यावर आहेत, तिथे खाली लिंब नाही, आणि फोनवर ते बोलत नाहीत. नुसतं ऐकू येतं की पलीकडे कुणीतरी आहे. मला त्यांची फार आठवण येते. त्या संध्याकाळी कागद मिटून मी वाटीत गूळ-शेंगदाणे घेतले, तांब्या भरला आणि ओसरीवर आलो. सुमित पायरीवर बसला होता. मी समोरून गेलो नाही, मागून गेलो नाही. बाजूनं जाऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलो, वाटी मध्ये ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिलो. किती वेळ गेला ते मोजायला मामा नव्हते. मग तांब्याचा आवाज झाला. तो पाणी प्याला.

“पप्पा, एक सांगू का?” तो म्हणाला.

मी ‘सांग’ म्हणणार होतो. तेवढंही म्हणालो नाही.